स्वमग्न प्रौढ आणि आपण : बलस्थानांपासून सुरू होणारे उपचार

(विश्वस्त निधीच्या वार्षिक सभेत समुपदेशन विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रत्येक विभागाने वर्षभरातील कामाचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आमच्या विभागाचा आढावा या अहवालात अन्यत्र दिलेला असल्याने तो पुन्हा वाचून दाखवीत नाही. अध्यक्षांच्या अनुमतीने आज एकाच विषयावर बोलावयाचे योजिले आहे. तो विषय म्हणजे स्वमग्न प्रौढ.

स्वमग्नता अथवा ऑटिझम हा शब्द बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आता अनोळखी राहिलेला नाही. तीन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसते, म्हणून आईवडील बालरोगतज्ज्ञांकडे येतात. अंगणवाडीताईंना आणि शाळेतील बाईंनाही ही लक्षणे ओळखू येऊ लागली आहेत. परंतु ही मुले मोठी होतात, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालविभागाचे दार बंद होते, विशेष शाळा सुटते आणि मुलगा किंवा मुलगी घरी बसते. त्याखेरीज आणखी एक मोठा वर्ग असा आहे, की ज्यांच्याबाबत हा शब्द कधी कोणी उच्चारलाच नाही. ते शाळेत गेले, त्यांपैकी कित्येक पदवीधर झाले, काहींची लग्ने झाली. गावाने त्यांना घुम्या, तिरसट, चक्रम, अतिशहाणा अशी नावे दिली आणि विषय संपविला. आज तिशीत, चाळिशीत ते आमच्याकडे येतात ते झोप लागत नाही, छातीत धडधडते, नोकरी टिकत नाही, संसार मोडायला आला आहे, अशा तक्रारी घेऊन. मूळ गोष्ट अनेक बैठकांनंतर लक्षात येते.

स्वमग्नता ही जन्मापासूनची, मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. तिचे मूळ बहुतांशी आनुवंशिक आहे. आईने लक्ष दिले नाही, गर्भारपणात ग्रहण पाहिले, नवस फेडला नाही, यांपैकी कशानेही ती होत नाही. लसीनेही होत नाही. तसा दावा करणारा १९९८ सालचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. स्वमग्न व्यक्तीला आवाज, उजेड, वास, कापडाचा स्पर्श हे इतरांहून फार तीव्र, किंवा क्वचित फार क्षीण, जाणवतात. ठरलेला क्रम मोडला तर जीव कासावीस होतो. बोलण्यातील शब्द कळतात, पण त्यामागील न बोललेले सूचन कळत नाही. एखाद्या विषयाची ओढ लागली की तो विषय मुळापर्यंत खणून काढल्याशिवाय चैन पडत नाही. 'स्वमग्न' हा मराठी शब्द रूढ झाला आहे म्हणून आम्हीही तो वापरतो. तथापि तो तितकासा न्याय्य नाही. ज्यांना आम्ही ओळखतो त्यांतील बहुतेकजण स्वतःत मग्न नसतात. ते पक्ष्यांत, पंपाच्या आवाजात, एस.टी.च्या वेळापत्रकात, पावसाच्या नोंदींत मग्न असतात.

१९९० च्या दशकात या व्यक्तींनी स्वतःच एक विचार मांडावयास आरंभ केला. माणसांच्या मेंदूंची घडण एकाच प्रकारची नसते, ती विविध असते आणि ही विविधता मानवजातीचाच भाग आहे, असा तो विचार होय. इंग्रजीतून आलेला 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द त्यासाठी वापरतात. स्वमग्नतेसोबत अवधान टिकवण्यातील अडचण, म्हणजे एडीएचडी, तसेच वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता असणारेही यात येतात. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास आम्हांला कधीच फार वेळ लागत नाही. भारी काळ्या रानात पाणी साचून डाळिंबाची मुळी कुजते आणि हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या रानात तेच झाड फळांनी लगडते. झाड बिघडलेले होते असे तेथे कोणी म्हणत नाही.

आता एका शेताची हकीकत सांगतो. ती परदेशातील आहे, परंतु ऐकताना आपणांस ती निमगाव केतकीची किंवा सणसरची वाटावी अशी आहे.

डॉ. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया म्हणून तो ओळखला जातो. त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा. १९४२ साली, तो नऊ वर्षांचा असताना, आईवडिलांनी त्याला गावापासून दहा मैलांवरील एका शेतावर, कुळाने शेती करणाऱ्या जोडप्याकडे राहावयास ठेवले. मे १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले आणि त्या जोडप्याचे शहाणपण पाहून चकित झाले. डोनाल्डला मोजमापाचा ध्यास होता. त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणावयास लावली आणि ती किती खोल गेली हे मोजून सांगण्याचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत बसे. नांगर हाती देऊन, नांगरता नांगरता ओळी मोज, असे त्याला सांगण्यात आले. कॅनर यांच्यासमक्ष त्याने सहा लांब ओळी नांगरल्या. घोडा आणि नांगर तो किती सफाईने हाकतो, याची त्यांनी आवर्जून नोंद केली. मेलेले पक्षी व किडे तो गोळा करी, तर त्यासाठी त्याला शेतात एक कोपरा देण्यात आला. तेथे त्याने प्रत्येकाची समाधी बांधून त्यावर नाव लिहिले.

त्या जोडप्यापाशी मानसशास्त्राची पदवी नव्हती. मोजणे बंद कर, असे त्यांनी त्या मुलाला सांगितले नाही. तो आधीच मोजत होता. त्यांनी त्या मोजण्याला शेतात जागा करून दिली. बलस्थानांपासून सुरू होणारे उपचार म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही हीच हकीकत सांगतो. डोनाल्ड ट्रिपलेट पुढे १९५८ साली पदवीधर झाले, गावातील बँकेत त्यांनी नोकरी केली, मोटार चालविली, गोल्फ खेळले, अनेक देशांचा प्रवास केला आणि जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी निवर्तले. ती बँक त्यांच्या आजोळच्या घराण्याशी निगडित होती, घरची परिस्थिती संपन्न होती, हेही सांगितले पाहिजे; गरिबाघरच्या मुलाला इतके सहज मिळाले नसते. परंतु ज्या गावाने त्यांना आयुष्यभर आपले मानले, त्या गावाचा वाटा पैशाहून कमी नव्हता.

याउलट काय घडते, तेही पाहिले पाहिजे. पुढील हकीकतींत कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन घरांतील गोष्टी एकत्र केल्या आहेत.

एका सुशिक्षित घरातील सूनबाई. माहेरी अभ्यासात हुशार, मितभाषी. सासरी मोठे कुटुंब, येणे-जाणे भरपूर. पाहुणे आले की ती चहा देऊन आत निघून जाते, म्हणून गर्विष्ठ ठरली. जरीच्या साडीने तिला अंगभर टोचल्यासारखे होई, म्हणून समारंभाला ती टाळाटाळ करी. तो माहेरचा तोरा ठरला. 'या बसा' म्हणण्यातला औपचारिकपणा आणि खरे आमंत्रण यांतील फरक तिला ओळखता येत नसे. तिने काय केले? इतर जावा कशा हसतात, कधी मान डोलवतात, कोणत्या वाक्याला काय उत्तर देतात, हे पाठ केले. पंधरा वर्षे ती हे नाटक बिनचूक वठवीत राहिली. प्रत्येक लग्नसमारंभानंतर मात्र दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहू लागली. डोके दुखते म्हणून सर्व तपासण्या झाल्या; काही निघाले नाही. तिच्या मुलाचे स्वमग्नतेचे निदान झाले तेव्हा प्रश्नावली भरताना तिनेच विचारले, "हे सगळे तर माझ्याच बाबतीत आहे. मलाही तपासता का?"

या पाठ केलेल्या वागण्याला आम्ही मुखवटा म्हणतो. स्त्रिया तो अधिक कसोशीने वागवितात, म्हणून त्यांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही. मुखवट्याची किंमत फार मोठी आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रौढ वयात ॲस्पर्जर हे निदान झालेल्या साडेतीनशेहून अधिक व्यक्तींना विचारण्यात आले, तेव्हा ६६ टक्के व्यक्तींनी आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. (ॲस्पर्जर हे तेव्हाचे वेगळे नाव; अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणापासून त्याचा समावेश स्वमग्नतेतच केला जातो.) हा आकडा आम्ही कोणाला घाबरविण्यासाठी सांगत नाही. जी माणसे वरकरणी 'अगदी नॉर्मल' दिसू लागली आहेत, तीच सर्वांत अधिक धोक्यात असू शकतात, हे घरच्यांनी जाणून घ्यावे यासाठी सांगतो. अशा वेळी आमचा विभाग बंद असेल तर १४४१६ या शासनाच्या टेलि-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतून बोलता येते.

म्हणून आमच्या उपचारांचे उद्दिष्ट मुखवटा अधिक घट्ट बसविणे हे नाही. डोळ्यांत डोळे घालून पाहावयास शिकविणे, हात हलविण्याची सवय मोडणे, चारचौघांत हसरा चेहरा ठेवावयास लावणे, यांवर आम्ही वेळ घालवीत नाही. हात हलविल्याने त्या व्यक्तीला शांत वाटत असेल आणि कोणाला इजा होत नसेल, तर ते तिचे औषधच समजावे. एखाद्या आजोबांनी जपमाळ ओढली तर आपण त्यांना कोठे थांबवितो?

डेमियन मिल्टन या ब्रिटनमधील अभ्यासकांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, २०१२ साली एक मुद्दा मांडला. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, असे आपण म्हणतो. परंतु इतरांना तरी स्वमग्न व्यक्तीचे मन कोठे कळते? अडचण दोन्ही बाजूंनी आहे. एडिंबरोतील संशोधकांनी २०२० साली याची पडताळणी केली. कानगोष्टीच्या खेळासारखी एक गोष्ट एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास सांगत न्यावयाची होती. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. दोन्ही प्रकारची माणसे मिसळलेल्या साखळीत मात्र ती अधिक हरवली. आमच्या कामावर याचा थेट परिणाम होतो. आम्ही केवळ रुग्णाशी बोलून थांबत नाही. सासूबाई, वडील, बंधू, कधी कधी कारखान्यातील मुकादम यांनाही बोलावितो. निम्मे शिकणे त्यांच्या वाट्याचे असते.

प्रत्यक्ष बैठकीत काय घडते, हे नातेवाईक नेहमी विचारतात. पहिल्या भेटीचे प्रश्न आम्ही आधीच लिहून देतो, म्हणजे उत्तरे घरी विचार करून लिहिता येतात. समोरासमोर बसण्याची सक्ती नसते. कोणी खिडकीबाहेर पाहत बोलते, कोणी चालत बोलते, कोणी शेजारच्या खुर्चीत बसून मोबाइलवर टंकून उत्तर देते. 'कसे वाटते?' हा प्रश्न बहुधा निरुपयोगी ठरतो. 'पोटात काय होते? जबडा आवळला जातो का? कोणत्या वेळी?' असे विचारले की नेमके उत्तर मिळते. म्हणी, वाक्प्रचार, उपरोध आम्ही टाळतो. 'मन मोकळे करा' असे सांगितल्यावर एका गृहस्थांनी, म्हणजे नेमके काय करू, असे विचारले होते; प्रश्न रास्त होता. बैठकीत मध्ये विश्रांती असते. ज्या विषयाची आवड आहे तो विषय बाजूला सारला जात नाही, त्यातूनच बोलणे पुढे नेले जाते. ही आमची लहर नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१२ साली प्रौढ स्वमग्नांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत लेखी व दृश्य साधनांचा वापर, अलंकारिक भाषा टाळणे, नियम स्पष्ट सांगणे, विश्रांती देणे आणि व्यक्तीच्या खास आवडीचा उपयोग करणे, हे सर्व सुचविलेले आहे. चिंता, नैराश्य, निद्रानाश यांवर गरज पडल्यास औषधेही दिली जातात. स्वमग्नता घालविणारे औषध मात्र अस्तित्वात नाही.

इंदापूर तालुक्यातील एका डाळिंब बागायतदारांचा सव्वीस वर्षांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता, ती सुटली. घरी आल्यावर कालव्याचे आवर्तन पुढे ढकलले गेले किंवा विजेची वेळ बदलली की तो थरथरू लागे, ओरडे, दार लावून घेई. वडिलांना वाटे, हा हट्टी आहे. आम्ही घरच्यांना तीन गोष्टी करावयास सांगितल्या. होणारा बदल कळताच तो फळ्यावर लिहावा. नक्की वेळ ठाऊक नसेल तर 'नक्की नाही, संध्याकाळी सहाला पुन्हा सांगू' असे लिहावे. आणि त्याने दार लावून घेतले तर अर्धा तास कोणी वाजवू नये. चौथी गोष्ट त्याने स्वतः शोधली. फळांची प्रतवारी करताना तो हातात घेऊनच वजन अचूक सांगतो आणि कोणत्या झाडावर तेल्याचा पहिला डाग केव्हा दिसला, याच्या तारखा त्याच्यापाशी आहेत. बागेची वही आता त्याच्याकडे आहे. बाजार समितीत जाणे त्याला झेपत नाही. तेथे भाऊ जातो. त्याला तेथे धाडण्याचा आग्रह घरच्यांनी सोडला, हे आम्हांला वहीइतकेच महत्त्वाचे वाटते.

येथे एक इशारा देणे भाग आहे. 'बलस्थान' म्हटले की लोकांना चमत्कार अपेक्षित असतो. जनावरांच्या गोठ्यांची व मार्गिकांची रचना करून जगभर कीर्ती मिळविणाऱ्या डॉ. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न विदुषींचे उदाहरण वर्तमानपत्रांतून येते आणि मग आई विचारते, "आमच्या बाळूमध्ये असे काही विशेष निघेल का?" बहुतेकांत असे काही निघत नाही, जसे आपणां बहुतेकांतही निघत नाही. चाळिशीतील एक गृहस्थ आमच्याकडे येतात. ते बोलत नाहीत, स्नानास मदत लागते, कमाई करण्याचा प्रश्नच नाही. त्यांची आई सत्तरीची आहे. त्यांच्याबाबत आम्ही काय केले? छायाचित्रांचे एक पुस्तक तयार केले : भाकरी, भात, पाणी, बाहेर जायचे, दुखते, नको. 'नको' हे चित्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात वापरले आणि त्यानंतर त्यांचे स्वतःला चावणे पुष्कळ कमी झाले. चाळीस वर्षे त्यांना नको म्हणावयाचे होते. ज्या माणसाला नको म्हणता येते त्याचे बलस्थान कोणते, असे आम्हांला कोणी विचारू नये. देणगीदारांनीही आमच्या कामाचे मोजमाप केवळ 'किती जणांना नोकरी लागली' यावर करू नये, अशी नम्र विनंती आहे.

नोकरीचे म्हणाल तर ती शक्य असते, फक्त कामाची जागा थोडी वाकवावी लागते. मुंबईत जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ मध्ये 'कॅफे अर्पण' सुरू केले. तेथे स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ स्वयंपाकघरापासून ग्राहकांपर्यंत सर्व कामे करतात. काम लहान लहान टप्प्यांत वाटून दिलेले असते. आपल्या दोन तालुक्यांत कॅफे नसतील, परंतु रोपवाटिका आहेत, दूध संकलन केंद्रे आहेत, फळांची प्रतवारी केंद्रे आहेत, औद्योगिक वसाहतीतील भांडारे आहेत, ग्रंथालये आहेत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, अचूक करावयाची कामे येथे विपुल आहेत. सभागृहात बसलेल्या उद्योजकांपैकी ज्यांना असे एखादे काम देता येईल, त्यांनी सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात आणि माणूस मधल्या सुटीत एकटा बसला तर त्याला एकटा बसू द्यावे. याहून फारसे काही लागत नाही.

दोन प्रकारच्या 'उपायां'पासून सावध राहावे. पहिला, मूळपेशींचे उपचार. लाखो रुपये घेऊन स्वमग्नता बरी करून देण्याची जाहिरात होते आणि त्यासाठी रान गहाण ठेवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे, की स्वमग्नतेसाठी मूळपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही आणि तसा प्रचार करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग ठरेल. दुसरा उपाय फुकट मिळतो, पण त्याने दोन आयुष्ये पणाला लागतात : 'लग्न करून द्या, सुधारेल.' स्वमग्न व्यक्तीने लग्न करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सुखाचे संसार आम्ही पाहिले आहेत. परंतु मुलीला किंवा मुलाला स्वतःला ते हवे आहे का, आणि समोरच्या घराला सर्व सांगितले आहे का, हे दोन प्रश्न सुपारी फुटण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत.

आता पालकांचा जो प्रश्न रात्री झोपू देत नाही, त्याकडे वळतो : आमच्यामागे काय? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी एकत्रित आहे. दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्रासाठी प्राधिकृत शासकीय रुग्णालयात तपासणी होते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. मात्र अर्ज करण्यापूर्वी २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वाची कल्पना समजून घ्यावी. तीत निर्णय त्या व्यक्तीला सोबत घेऊन करावयाचा असतो, तिच्या वतीने परस्पर नव्हे. सातबारावरील नाव काढून टाकण्यासाठी कोणी पालकत्वाचे कागद पुढे करीत असेल, तर सहीपूर्वी आमच्या समाजसेवा अधीक्षकांना एकवार जरूर दाखवावेत.

डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी 'घरकुल' उभे केले, ते पालकांनीच एकत्र येऊन. आपल्याकडील पालकांनी दरमहा एकदा तरी एकत्र बसावे, यासाठी रुग्णालयाचे सभागृह रविवारी उपलब्ध करून देण्याचे विश्वस्त मंडळाने मान्य केले आहे, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आषाढीपूर्वी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते, तेव्हा अनेक घरे आम्हांला विचारतात, की याला दर्शनाला न्यावे की नको. एकच उत्तर देता येत नाही. काहींना गर्दी सहन होत नाही. त्यांना पहाटे, पालखी निघण्यापूर्वी न्यावे आणि कानांत कापसाचे बोळे द्यावेत. काहींना टाळांचा ठेका उलट शांत करतो, कारण पुढचा ठोका कधी पडणार हे त्यात आधीच ठाऊक असते. आमचे एक गृहस्थ बेलवाडीच्या रिंगणाला दरवर्षी जातात. अश्व किती फेऱ्या घेतात, हे ते मोजतात आणि परत येऊन आम्हांला सांगतात. लग्नातील डीजेबाबत मात्र आमचे मत ठाम आहे, आणि ते केवळ स्वमग्न व्यक्तींपुरते नाही.

शेवटी देणगीविषयी. बाह्यरुग्ण विभागाच्या मागील बाजूची खोली आम्हांला शांत प्रतीक्षाकक्षासाठी मिळाली आहे. एका उदार देणगीदारांनी त्या खोलीसाठी मोठा दूरचित्रवाणी संच देऊ केला. त्यांच्या भावनेचा पूर्ण आदर राखून आम्ही त्यांना, संच बालविभागाला द्यावा, अशी विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली. या खोलीला हवे आहे ते असे : न लुकलुकणारे मंद दिवे, जाड पडदे, आवाज न करणारा पंखा, भिंतीकडे तोंड करून बसता येईल अशा चार खुर्च्या आणि पुढचा क्रमांक कोणाचा हे दाखविणारा एक साधा फळा, म्हणजे नाव मोठ्याने पुकारावे लागणार नाही. व्यवसायोपचारतज्ज्ञ सध्या आठवड्यातून एकच दिवस येतात. दुसऱ्या दिवसाच्या मानधनाची तजवीज झाली, तर इंदापूरच्या बाजूने येणाऱ्यांना पहाटेची पहिली गाडी पकडावी लागणार नाही.

आपल्या शंका आता विचाराव्यात. ज्यांना उभे राहून बोलावयाचे नाही त्यांच्यासाठी कागद व पेन्सिली प्रत्येक रांगेच्या टोकाला ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.